खाडीमागून खाडी: पुण्याहून कोकणची जुनी बंदरे पाहण्याची रीत

पुण्याहून कोकणात जाणारे कुटुंब बहुधा एकच गाव निवडते, तेथे दोन रात्री राहते आणि ज्या घाटाने उतरले त्याच घाटाने वर येते. यात विश्रांती होते, मासे खाऊन होतात, मुले वाळूत मनसोक्त खेळतात. मात्र ज्या किनाऱ्यावर चौल, दाभोळ, राजापूर, विजयदुर्ग अशी बंदरे शेकडो वर्षे नांदली, तो किनारा सलग असा कधी दिसत नाही. तो तसा पाहायचा असेल तर उत्तरेकडे अलिबागला उतरावे, दक्षिणेकडे मालवणहून घाट चढावा, मधल्या मोठ्या खाड्या वळसा न घालता बोटीने ओलांडाव्यात आणि मुक्काम शक्यतो बंदराच्या गावातच करावा.

एके काळी हे काम आगबोटी करीत. मुंबईहून सुटलेली बोट एकेका बंदरासमोर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि ट्रंका, आंब्याच्या पेट्या, म्हातारीकोतारी माणसे त्यांत उतरवून घेतली जायची. आज मुंबईपासून मालवणपर्यंत थांबत थांबत जाणारी अशी बोट मिळेल असे गृहीत धरून बेत आखू नये. खाडीच्या मुखावर गाड्या वाहून नेणाऱ्या फेरी बोटी, ज्यांना किनाऱ्यावर अजूनही जंगलजेटी म्हणतात, आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या लहान होड्या यांची सांगड घालून हा जलप्रवास आपला आपणच तयार करावा लागतो. त्यासाठी दहा दिवस, एक गाडी आणि एक पंचांग एवढी सामग्री पुरते.

आधी तिथी, मग तारीख

पंचांगाचा उल्लेख मुहूर्तासाठी केलेला नाही. या किनाऱ्यावरची अंतरे किलोमीटरमध्ये मोजली तर बेत फसतो, कारण किल्ल्यात चालत जाता येईल की नाही, मंदिराची प्रदक्षिणा होईल की नाही आणि होडी पायरीला नीट लागेल की नाही, हे सर्व भरती-ओहोटीवर ठरते. आणि भरती-ओहोटी चंद्राच्या मागे चालत असल्यामुळे ती इंग्रजी तारखेत सापडत नाही, तिथीत सापडते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता, दिवसा आणि रात्रीही, पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्या यांना पंधरा धरले की सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजत आलेले असतात. हिशेब शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत सारखाच चालतो. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते.

या आकड्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरावी. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे अलिबागला बरोबर बसलेला हिशेब मालवणला मागे पडतो. अचूक वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात आणि मोबाइलवरही त्या सहज मिळतात. परंतु बेत आखताना पाऊणपटीचा नियम डोक्यात असला की पुढच्या दहाही दिवसांचे चित्र एका दृष्टिक्षेपात उभे राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच ओहोटीला दूर हटते, भांगाच्या दिवसांत ते दोन्ही बाजूंनी हात आखडता घेते.

आता सहलीचा पहिला दिवस कोणता असावा, हे आपोआप ठरते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत जाऊन पाहायचा असतो आणि त्यासाठी पाणी पुष्कळ मागे हटलेले हवे, तेही सकाळच्या वेळी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी साडेआठच्या सुमारास. शिवाय उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्याने किल्ल्यापर्यंतचा खडक बहुधा उघडा पडतो. म्हणून पुण्याहून द्वितीयेला दुपारी निघावे. पुढे पंचमीला हरिहरेश्वरची ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास सापडते, आणि शेवटी दशमी-एकादशीला मालवण गाठेपर्यंत भांग लागलेला असतो, खाडीच्या मुखावरचा ओढ कमी झालेला असतो आणि होडीचा प्रवास सुखाचा होतो. उलट पौर्णिमेच्या सुट्टीला निघालेल्या मंडळींना कुलाब्याची ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला मिळते, म्हणजे एकदा झोपेत आणि एकदा अंधारात.

हंगामाबद्दल दुमत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन सोसवते, समुद्र शांत असतो आणि आकाश स्वच्छ असते. मार्च ते मे या काळात सकाळी समुद्र आरशासारखा असला तरी दुपारपासून वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून उन्हाळ्यात होडीची सर्व कामे अकराच्या आत उरकावीत. पावसाळ्यात हा बेत करूच नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्यांच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि समुद्राचा स्वभाव बदललेला असतो. 17 जुलै 1947 रोजी, आषाढातल्या अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. हंगामातही निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राचा लाटांचा इशारा जरूर पाहावा. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तेथील खात्याचे अंदाज आपण पुण्याच्या पावसासाठी नेहमी थट्टेवारी नेतो. किनाऱ्यावर मात्र ती सवय सोडावी.

अलिबाग ते मुरूड

पुण्याहून खोपोली, पेण करीत अलिबाग गाठता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर हजर राहावे आणि पाणी उतरत असतानाच किल्ल्याकडे चालू लागावे. पाणी चढू लागल्यावर आत जाणे म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करणे होय. मी स्वतः एकदा किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळाजवळ गोड्या पाण्याच्या तळ्याची चौकशी करीत रेंगाळलो आणि गुडघ्याच्या वर आलेल्या पाण्यातून घोडागाडीने परतलो. गाडीवाल्याने घेतलेले भाडे वाजवीच होते, पण बुटांची किंमत त्यात धरलेली नव्हती. पायांत पट्ट्याच्या चपला असाव्यात, कारण शेवाळलेल्या खडकावर अंगठ्याची चप्पल टिकत नाही आणि बूट भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

अलिबागच्या गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. 1729 साली वारलेला हा सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचा प्रमुख, पुढच्या प्रत्येक मुक्कामी आपल्याला भेटणार असल्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करणे योग्य ठरते. त्याच्या काळात या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला त्याचा दस्तक लागत असे. पोर्तुगिजांनी आधी दोनशे वर्षे हेच परवाने विकले होते, तेव्हा त्याला राज्यकारभार म्हटले गेले. कान्होजीने विकले तेव्हा त्याला चाचेगिरी म्हटले गेले.

अलिबागहून दक्षिणेकडे निघाल्यावर चौल आणि रेवदंडा यांना निदान अर्धा दिवस द्यावा. चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांनी त्याचा उल्लेख केलेला आहे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन येथेच उतरला होता. आज चौलला बंदर म्हणावे असे काही शिल्लक नाही. खाडी गाळाने भरली आणि बंदराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या आल्या. बंदर कसे मरते, हे पाहण्यासाठी तरी तेथे थांबावे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत आता वस्ती, बागा आणि पडकी चर्चे एकत्र नांदतात. कुंडलिकेच्या मुखावरचा पूल ओलांडला की समोर कोर्लईचा डोंगर येतो. त्याच्या पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती रहिवासी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गातून तयार झालेली स्वतःची बोली बोलतात. दीपगृहापासून वर चढून गेल्यास किल्ल्याच्या धारेवरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला खुला समुद्र दिसतो, आणि मुखावरच्या एका टेकडीवर तोफा ठेवल्या की अख्खे बंदर कसे मुठीत येते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाटेतल्या काशीदच्या पांढऱ्या वाळूवर बहुतेक लोक तीन तास घालवतात. तो वेळ जंजिऱ्यासाठी राखावा, असे मी म्हणेन. मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यावर जातात. सुट्टीच्या दिवशी होडीत माणसे कोंबली जातात. अशा वेळी पुढच्या होडीची वाट पाहावी, भरलेल्या होडीत चढण्याची घाई करू नये. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे बांधणाऱ्यांचे कौशल्य आहे. पायरीवर पाय ठेवताना होडी वर उचलली जाण्याची वाट पाहावी आणि तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य नावाड्याने, हात दिल्याशिवाय उडी मारू नये. आत एकोणीस बुरूज, कलाल बांगडी ही प्रचंड तोफ आणि गोड्या पाण्याची तळी आहेत. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीही घेता आला नाही. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू घालण्याचा प्रयत्न केला, तोही अपुरा राहिला. तटावरून वायव्येकडे पाण्यात जो दुसरा किल्ला दिसतो, तो शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या उरावर बांधलेला पद्मदुर्ग. जंजिरा पाहून पद्मदुर्गाकडे नजर टाकली नाही तर गोष्ट निम्मीच ऐकल्यासारखी होते.

फेरी बोटीत गाडी घालताना

मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी आडवी येते. आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरी बोट ही या प्रवासातली पहिली, त्यानंतर सावित्रीच्या मुखावर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखावर धोपावे आणि दाभोळ यांच्यामधली, आणि शास्त्री नदीच्या मुखावर तवसाळ ते जयगड. या चारही ठिकाणी पाण्यावरचा वेळ थोडा आणि वाचणारा वळसा मोठा असतो. खाड्यांवर पूल उभारण्याची कामे सुरू आहेत; ती पुरी होतील तेव्हा होतील, तोवर बोटीवर उभे राहून खाडीचे मुख पाहण्याची संधी आहे असे समजावे.

पद्धत अशी. धक्क्यावर पोचताच आधी तिकीट खिडकीवर जाऊन पुढच्या आणि शेवटच्या बोटीची वेळ विचारावी, मग गाडी रांगेत लावावी. रविवारी दुपारी आणि लागून आलेल्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी रांग लांबते, म्हणून खाडी सकाळीच ओलांडावी. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज येते आणि जाते. ज्या बोटीला एकाच बाजूला तोंड असते तिच्यात गाडी मागे घेत चढवावी किंवा उतरवावी लागते. खलाशी हाताने खुणा करतो. त्याच्याकडे पाहावे, आरशाकडे नंतर. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार अधिक तीव्र आणि निसरडा होतो, तेव्हा चालकाखेरीज सर्वांनी खाली उतरून चालत चढावे. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवावी आणि वर डेकवर जावे. खाडी ओलांडताना सहसा कोणाला बोट लागत नाही; किल्ल्यांच्या लहान होड्यांत मात्र लागू शकते. ज्यांना त्रास होतो त्यांनी अगदी उपाशी किंवा तुडुंब भरल्या पोटी बसू नये, होडीच्या मध्यावर बसावे, मोबाइलमध्ये डोके न घालता क्षितिजाकडे पाहावे आणि तोंडात आवळासुपारी किंवा आल्याची वडी धरावी.

पेशव्यांचे श्रीवर्धन, फडणीसांचे वेळास

दिघीला उतरल्यावर पुणेकराने जरा सावध व्हावे, कारण येथून पुढे त्याचे स्वतःचे शहर सुरू होते. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. सिद्दीच्या मुलखातले हे घराणे घाट चढून वर आले, 1713 साली बाळाजींना पेशवेपद मिळाले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी कान्होजी आंग्र्यांना वाटाघाटींनी छत्रपती शाहूंच्या बाजूला वळवले. सावित्री ओलांडल्यावर लागणारे वेळास हे नाना फडणीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. शनिवारवाड्यावरून जे राज्य चालले, त्याची माणसे या दोन गावांतल्या वाड्यांतून निघालेली होती, हे येथल्या शांत, लाल चिऱ्याच्या गल्ल्यांत फिरताना खरे वाटत नाही.

दोन्हींच्या मध्ये हरिहरेश्वर आहे. काळभैरवाचे दर्शन घेऊन डोंगराला घालायची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. ती केवळ ओहोटीत, आणि तीही पाणी उतरत असतानाच करावी. तेथे लावलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष करून छायाचित्रासाठी खडकाच्या टोकाला गेलेली माणसे लाटेने ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. देवस्थानाच्या लोकांनी थांबा म्हटले तर थांबावे. पाऊणपटीचा नियम सांगून त्यांच्याशी वाद घालू नये.

वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहता येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते उचलून धरले. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच असतो. पिल्ले पाहताना विजेरी लावू नये, दोरीच्या आत पाऊल टाकू नये आणि एखाद्या सकाळी एकही पिल्लू निघाले नाही तर यजमानांकडे तक्रार करू नये. जवळच सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला आहे. त्याचे नाव लक्षात ठेवावे, ते विजयदुर्गाला पुन्हा लागणार आहे.

हर्णै आणि दाभोळ

केळशी, आंजर्ले करीत हर्णैला पोचण्याची वेळ मासळीच्या लिलावाशी जुळवावी. लिलाव सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर भरतो. समुद्रात उभ्या असलेल्या नौकांवरची मासळी किनाऱ्यावर येते, बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि वाळूवर ढीग लागतात. घरगुती गिऱ्हाइकाने लिलावात तोंड घालू नये. बाजूला बसलेल्या कोळिणींकडून घ्यावे, भाव करताना फार ताणू नये आणि जेथे उतरलो आहोत तेथे ती करून देतील का, हे आधी विचारून ठेवावे. शाकाहारी मंडळींची दापोली-गुहागर पट्ट्यात मुळीच आबाळ होत नाही. कुळथाचे पिठले, आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी आणि आदल्या दिवशी सांगितल्यास उकडीचे मोदक बहुतेक घरी मिळतात.

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे आणि किनाऱ्यावर त्याचे पहारेकरी असलेले कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कान्होजीच्या पराक्रमाची सुरुवात सुवर्णदुर्गाशी जोडलेली आहे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावरचे आहेत. सुवर्णदुर्गाला पक्का धक्का असेल असे समजून वयस्कर माणसांना नेऊ नये. वाळूत किंवा खडकावर, पाण्यात पाय घालून उतरण्याची तयारी लागते.

दाभोळला बहुतेक गाड्या थेट जेटीवर जातात, हे मला नेहमी खटकते. बहमनी आणि आदिलशाही काळात दक्षिणेतले हे मोठे बंदर होते आणि मक्केला जाणारे यात्रेकरू येथून जहाजात बसत. 1508 च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडा याचा मुलगा मारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस बापाने सूडाच्या वाटेवर दाभोळ जाळले. चौलची ती खाडी दोन-तीन दिवसांपूर्वीच आपण पाहिलेली असते, त्यामुळे बापाच्या त्या प्रवासाचे अंतर अंगावर येते. जेटीच्या जवळच सतराव्या शतकातली घुमटाची शाही मशीद आहे. विजापूरची शहजादी मक्केला निघाली असता येथे अडकली आणि तिने ही मशीद बांधवली, असे गावात सांगतात. ती पाहून, दर्ग्याकडची गल्ली फिरून मग बोट धरावी. बोटीखालच्या पाण्यात कोयनेचे पाणीही मिसळलेले असते. पूर्वेकडे वाहणारी कोयना वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेला वळवली गेली आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते.

रत्नागिरीपर्यंतचा पल्ला

धोपाव्याला उतरल्यावर गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळ गाठावे आणि जयगडला ओलांडावे. जयगडचा किल्ला आणि दीपगृह पाहायला दोन तास पुरतात. गणपतीपुळ्याला मुक्काम करायचा की पुढे जायचे, हा ज्याच्या त्याच्या भक्तीचा प्रश्न आहे. गर्दी टाळायची असेल तर दर्शन घेऊन रत्नागिरी गाठावी. तेथे मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, 1856 साली जेथे टिळकांचा जन्म झाला ते घर, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा एका दिवसात होतात. इंग्रजांनी 1885 साली थिबाला पदच्युत करून येथे आणून ठेवले, 1910 साली राजवाडा पुरा झाला आणि 1916 साली तो येथेच वारला. ज्याला समुद्रमार्गे पळून जाता येऊ नये अशा कैद्यासाठी समुद्राचे उत्तम दर्शन होणारी जागा निवडली गेली, हा सरकारी विनोद राजवाड्याच्या सज्जातून चांगला कळतो.

विजयदुर्ग

एकाच किल्ल्याला पूर्ण दिवस द्यायचा असेल तर तो विजयदुर्गाला द्यावा. किल्ल्याचे मूळ शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीकडे नेले जाते. शिवाजी महाराजांनी तो 1653 साली घेतला असे मानतात आणि आंग्र्यांच्या काळात तो मराठी आरमाराचे मुख्य ठाणे झाला. पूर्ण भरतीला धक्क्यावर उभे राहून तट पाहावा आणि मग सहा तासांनी पुन्हा त्याच जागी यावे. पाण्यात दडलेल्या खडकांनी किल्ल्याचे रक्षण कसे होत असे, ते तेव्हा डोळ्यांना दिसते. वाघोटण खाडीत आत, गिर्ये येथे आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आहेत. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीत ते कोरडे पडू द्यायचे आणि तळाची डागडुजी करायची, ही तिची पद्धत. ज्या पाऊणपटीच्या नियमावर आपण आपली सहल बेतली, त्याच नियमावर एक आरमार दुरुस्त होत असे.

फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्ग जिंकला आणि खाडीत उभे असलेले, कान्होजीचा मुलगा तुळाजी आंग्रे याचे आरमार आगीत जळाले. त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला नानासाहेब पेशव्यांचे सैन्य होते. आदल्या वर्षी सुवर्णदुर्गही असाच संयुक्त मोहिमेत पडला होता. पुढे विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. तुळाजी उद्दाम होता, छत्रपतींचे आणि पेशव्यांचे ऐकत नव्हता, हे खरे; तरीही आपल्या हाताने आपलेच आरमार बुडवण्यासाठी परक्याची जहाजे बोलावण्याचा निर्णय पुण्यात झाला, ही गोष्ट श्रीवर्धन पाहून आलेल्या पुणेकराने या तटावर उभे राहून एकदा तरी मनाशी उगाळावी.

किल्ल्यावर वाटाडे आपल्याला 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने येथून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. प्रत्यक्षात त्या ग्रहणाच्या वेळी निरीक्षण करणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयरने आपली निरीक्षणे नंतर, ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून केली. ओटे पाहावेत, वाटाड्याचे पैसे द्यावेत आणि मुलांना घरी गेल्यावर ग्रहणाची खरी हकीकत सांगावी.

मालवण आणि परतीचा घाट

देवगडमार्गे मालवणला पोचल्यावर होडीचे काम दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवावे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला प्रारंभ झाला. नागमोडी तटामुळे किल्ल्याचा दरवाजा येथेही अखेरपर्यंत लपलेला राहतो. आत राजाराम महाराजांनी बांधवलेले शिवराजेश्वराचे मंदिर, शिवाजी महाराजांच्या हातापायांचे म्हणून पूजले जाणारे ठसे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत. परतीच्या होडीची वेळ उतरतानाच तांडेलाला विचारून घ्यावी. साधारणपणे आत फिरायला मिळणारा तास कमी पडतो, म्हणून जादा वेळ हवा असेल तर तो निघण्यापूर्वी ठरवावा. होडीत जीवरक्षक जाकीट नुसते मांडीवर ठेवायचे नसते, त्याचे बंद बांधायचे असतात. तारकर्लीच्या वाळूवर गाडी उतरवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. भांगाच्या दिवसांतही भरती गाडीची वाट पाहत नाही आणि ट्रॅक्टरवाला मात्र पाहत असतो.

परतताना कणकवलीहून फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर आणि तेथून महामार्गाने पुणे, हा मार्ग सोयीचा आहे. मालवण सकाळी लवकर सोडावे, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. खाऱ्या हवेत दहा दिवस फिरलेल्या आणि चार वेळा बोटीवर चढलेल्या गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून घ्यायचे काम कोल्हापुरात जेवणाच्या वेळी होऊ शकते. ते पुण्याला पोचल्यावर करू म्हणून ठेवले की राहून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा गंजतो.